फ्लॉरेन्स, लेखक-कवींच्या मागोमाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीला निघालेली मराठी मंडळी फ्लॉरेन्सबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. चित्रं आणि पुतळे यांवर हवी तेवढी माहिती सगळीकडे मिळते, म्हणून इथे भर कवी दान्ते, कथाकार बोकाचो, राजकारणावर लिहिणारा मॅकिआव्हेली आणि त्यांच्यामागून आलेल्या परदेशी लेखकांवर आहे. कोल्हापूरच्या महाराजांच्या छत्रीबद्दलही बरेच जण विचारतात. तेही खाली आहे.

टूरवाले फ्लॉरेन्सला अर्धा दिवस देतात. पुरेल का?

दुओमो (शहराचं मुख्य चर्च) बाहेरून, पोन्ते वेक्कियो पुलावर फोटो, चामड्याच्या दुकानात पाऊण तास आणि परत बसमध्ये. एवढंच हवं असेल तर पुरेल. शहर पाहायचं असेल तर निदान तीन रात्री ठेवा. जुनं शहर पायी फिरण्याइतकं लहान आहे. सांता मारिया नोव्हेला स्टेशनपासून सांता क्रोचे चर्चपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यामुळे वेळ अंतरात जात नाही, रांगांमध्ये जातो. तीन दिवसांत दोन मोठी संग्रहालयं पाहा आणि बाकीचा वेळ गल्ल्यांना द्या. पाच संग्रहालयं उरकलेली माणसं चौथ्या दिवशी कुठलं चित्र कुठे पाहिलं हे सांगू शकत नाहीत.

दान्तेचं ‘डिव्हाइन कॉमेडी’ हे महाकाव्य वाचलेलं नाही. दान्तेच्या जागा पाहून काही कळेल का?

कळेल, कारण शहरानेच ती सोय केली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने ‘कॉमेडी’तल्या ओळी कोरलेल्या संगमरवरी पाट्या जुन्या शहराच्या भिंतींवर बसवल्या. अशा तीसहून जास्त पाट्या आहेत. ज्या घराण्याचा, चौकाचा किंवा चर्चचा उल्लेख काव्यात येतो, त्याच जागी ती ओळ लावलेली आहे. पाट्या डोक्याच्या बऱ्याच वर असल्याने बहुतेक लोक खालून निघून जातात. एखादी दिसली की खाली दिलेला सर्गाचा आकडा मोबाइलवर शोधा आणि इंग्रजी भाषांतरात ते कडवं तिथेच उभं राहून वाचा.

पोन्ते वेक्कियोवरची पाटी चुकवू नका. या पुलाच्या तोंडाशी 1215 साली बुओन्देलमोन्ते नावाच्या तरुणाचा खून झाला. ठरलेलं लग्न मोडून त्याने दुसऱ्या घरची मुलगी पत्करली होती, आणि मोडलेल्या सोयरिकीचा सूड म्हणून त्याला मारलं. ग्वेल्फ आणि गिबेलिन या दोन पक्षांत शहर फाटलं ते या खुनामुळे, असं फ्लॉरेन्सचे लोक मानत आले. पुढे ग्वेल्फांमध्येही काळे आणि पांढरे असे दोन गट पडले. दान्ते पांढऱ्यांत होता. त्याच्यावर जे बेतलं त्याची सुरुवात दान्ते स्वतः या पुलाशी नेऊन ठेवतो.

दान्तेचं घर म्हणून जे दाखवतात, ते खरंच त्याचं आहे का?

नाही. आलिगिएरी घराण्याची घरं याच आळीत होती, एवढं खरं. आज जी मध्ययुगीन दिसणारी इमारत आहे ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभारलेली आहे. आत संग्रहालय आहे. मुलांना किंवा अगदी नव्या माणसाला तेराव्या शतकातलं फ्लॉरेन्स समजावून घ्यायला ते बरं आहे, पण दान्तेने हात लावलेली वस्तू पाहायच्या अपेक्षेने जाऊ नका. तिकीट वाचवायचं असेल तर बाहेरच्या छोट्या चौकात थांबा. तिथल्या फरशीतल्या एका दगडावर दान्तेचा एका बाजूने दिसणारा चेहरा आहे, लांब नाक आणि टोपीसकट. कोरडा असताना तो सहज सापडत नाही. त्यावर पाणी ओतलं की एकदम उठून दिसतो. पाण्याची बाटली हातात घेऊन खाली वाकलेली चार माणसं दिसली तर ती याच कामात आहेत.

त्याच गल्लीतल्या चर्चमध्ये टोपलीत चिठ्ठ्या टाकतात, ते काय?

ते सांता मार्गेरिता देई चेर्की. घरापासून पन्नास पावलांवरचं अंधारं, जेमतेम एका खोलीएवढं चर्च. दान्तेचं जिच्यावर प्रेम होतं ती बेआत्रिचे पोर्तिनारी इथे येत असे आणि दान्तेने तिला इथे पाहिलं, अशी लोककथा आहे. पोर्तिनारी कुटुंबाच्या कबरी इथे होत्या म्हणून बेआत्रिचेच्या नावाची शिळाही आहे आणि तिच्याजवळ एक टोपली ठेवलेली असते. प्रेमात अडचण असलेले लोक बेआत्रिचेच्या नावाने चिठ्ठी लिहून त्यात टाकतात. वहीची फाडलेली पानं, हॉटेलचे कागद, रेल्वेची तिकिटं, सगळ्या भाषांतलं अक्षर. ती प्रत्यक्ष तिथेच पुरलेली आहे याला पुरावा नाही. ती 1290 साली, चोविशी-पंचविशीत गेली. तिचं लग्न दुसऱ्याशी झालं होतं, दान्तेचंही दुसरीशी. ज्या बाईने कवीला फारशी दादही दिली नाही तिच्याकडे लोक प्रेमाचं गाऱ्हाणं घेऊन येतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या उचलून वाचू नका. लोक वाचतात, म्हणून सांगितलं.

तिच्या वडिलांचं, फोल्को पोर्तिनारींचं खरं स्मारक वेगळंच आहे. त्यांनी 1288 साली स्थापन केलेलं सांता मारिया नुओव्हा रुग्णालय दुओमोच्या मागे आजही चालू आहे. तिथे अँब्युलन्स उभ्या असतात.

दान्तेसाठी एकच वास्तू आतून पाहायची असेल तर कोणती?

बाप्टिस्ट्री, म्हणजे दुओमोसमोरची अष्टकोनी इमारत. दान्तेचा बाप्तिस्मा इथे झाला. ‘माझं सुंदर सान जोव्हान्नी’ असं तो नरकाचं वर्णन करतानाही तिच्याबद्दल लिहितो. तिथेच तो मध्येच सांगून टाकतो, की बुडत असलेल्या कुणाला तरी वाचवायला आपण इथल्या बाप्तिस्म्याच्या कुंडाचा एक भाग फोडला होता. लोकांनी त्यावरून काही बोल लावला असावा, कारण खुलासा केल्यासारख्या सुरात तो हे लिहितो.

छताच्या आतल्या बाजूला तेराव्या शतकातलं सोनेरी मोझेक, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेलं चित्र आहे. त्यात अंतिम निवाड्याच्या दृश्यात शिंगं असलेला मोठा सैतान माणसं चावून खातो आहे आणि त्याच्या कानांतून निघालेले सापही माणसं गिळत आहेत. दान्ते लहानपणापासून हे पाहत होता. ‘कॉमेडी’तल्या ‘इन्फर्नो’ या नरकाच्या भागाच्या शेवटी तीन तोंडांनी तीन पापी चघळणारा ल्युसिफर येतो, तो वाचल्यावर या छताची आठवण होणारच. मोझेकच्या जतनाचं मोठं काम 2023 मध्ये सुरू झालं आहे. परांचीमुळे छताचा किती भाग दिसतो हे जाण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या.

बाहेरच्या ज्या सोनेरी दारासमोर गर्दी असते ती शिल्पकार गिबेर्तीच्या ‘स्वर्गद्वारा’ची प्रतिकृती आहे. मूळ दार मागच्या दुओमो संग्रहालयात आहे आणि तिथे गर्दी कमी असते.

सांता क्रोचेमध्ये दान्तेची कबर आहे ना?

कबरीसारखं स्मारक आहे, आत दान्ते नाही. हा प्रश्न इतका येतो की जरा सविस्तर सांगतो.

दान्तेचा जन्म 1265चा. तो शहराच्या कारभारात पडला आणि काही काळ सर्वोच्च मंडळावर होता. विरुद्ध गट सत्तेवर आला तेव्हा तो शहराबाहेर होता. 27 जानेवारी 1302 रोजी त्याच्यावर लाचखोरीचा ठपका ठेवून दंड आणि हद्दपारी झाली. तो हजर झाला नाही, दंडही भरला नाही, म्हणून मार्चमध्ये शिक्षा वाढली : सापडला तर जिवंत जाळावं. 1315 साली परतीची एक वाट दिली होती, पण त्यासाठी सगळ्यांसमोर गुन्हा कबूल करून मान खाली घालायची होती. त्याने ती नाकारली. ‘पारादिसो’ या स्वर्गाच्या भागात एका जागी तो आशा करतो, की आपलं काव्य कधीतरी गावातल्यांचं मन वळवेल आणि आपण आपल्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी कवी म्हणून मुकुट घालून घेऊ. तसं घडलं नाही. 1321 साली तो रावेन्नात वारला आणि तिथेच पुरला गेला.

मग फ्लॉरेन्सला जाग आली. शहर पुन्हा पुन्हा अस्थी मागत राहिलं. 1519 साली पोप लिओ दहावा, म्हणजे फ्लॉरेन्सच्याच मेदिची घराण्यातला माणूस, त्याने परवानगीही दिली. त्या अर्जावर मायकेलँजेलोची सही होती आणि कबर मी घडवून देतो असं त्याने लिहिलं होतं. माणसं रावेन्नाला पोहोचली, दगडी पेटी उघडली, तर आत काहीच नाही. शेजारच्या मठातल्या फ्रान्सिस्कन साधूंनी भिंतीला भोक पाडून अस्थी आधीच हलवल्या होत्या. त्या सापडल्या 1865 साली, दान्तेच्या सहाशेव्या जयंतीच्या वर्षी, डागडुजी करणाऱ्या गवंड्याच्या हाती एका लाकडी पेटीत.

सांता क्रोचेतलं स्मारक 1829चं आहे, शिल्पकार स्तेफानो रिच्ची. त्यावर ‘इन्फर्नो’तली ओळ कोरली आहे : त्या थोर कवीचा सन्मान करा. मूळ काव्यात हे प्राचीन रोमन कवी व्हर्जिलबद्दल आहे आणि लगेच पुढची ओळ अशी, की जो निघून गेला होता त्याची छाया परत येते आहे. ती पुढची ओळ स्मारकावर घेतलेली नाही. घेणार तरी कशी! दान्तेवरची शिक्षा रद्द करणारा ठराव फ्लॉरेन्सच्या नगरसभेने 2008 साली केला. तोही एकमताने नाही.

चर्चमध्ये मायकेलँजेलो, गॅलिलिओ, मॅकिआव्हेली आणि संगीतकार रोस्सिनी मात्र खरोखरच पुरलेले आहेत. कवी उगो फोस्कोलोही आहे. याच कबरींवर त्याने मोठी कविता लिहिली, स्वतः 1827 साली लंडनजवळ गरिबीत वारला आणि 1871 साली त्याला इथे आणलं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी सोडतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

मग रावेन्नाला जाऊन यावं का?

ज्यांना दान्ते खरंच जवळचा वाटतो त्यांनी जरूर. बोलोन्यात गाडी बदलून जाता येतं, पण पूर्ण दिवस जातो. दान्तेची समाधी 1780-81ची, छोटीशी, एका खोलीची. आत दिवा जळतो आणि त्याचं तेल दर सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्स शहर पाठवतं. ज्याला जाळायला निघालो होतो त्याच्या दिव्याला तेल घालायचं, अशी ही रीत आहे. समाधी पाहायला दहा मिनिटं लागतात. उरलेला दिवस सान व्हिताले चर्च आणि गाल्ला प्लाचिदियाच्या समाधीतल्या मोझेकसाठी ठेवा. त्यांच्यासाठीसुद्धा ही फेरी वसूल आहे.

डॅन ब्राउनच्या ‘इन्फर्नो’ या रहस्यकादंबरीतलं ते मुखवट्याचं दालन कुठे आहे?

पालाझ्झो वेक्कियोमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या कारभारवाड्यात. दान्तेचा मुखवटा तिथे दोन दालनांमधल्या वाटेवर ठेवला आहे. मेलेल्या दान्तेच्या चेहऱ्यावरून घेतलेला साचा म्हणून तो प्रसिद्ध झाला, पण तो त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने घडवलेला आहे. ‘चेर्का त्रोव्हा’, म्हणजे ‘शोध, सापडेल’, हे शब्दही खरे आहेत. मोठ्या सभागृहातल्या चित्रकार वासारीच्या युद्धचित्रात एका हिरव्या झेंड्यावर ते बारीक अक्षरांत लिहिलेले आहेत. भिंतीच्या फार वर आहेत. मोबाइलचा कॅमेरा झूम करून शोधा.

बोकाचोच्या जागा?

सांता मारिया नोव्हेला. स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर त्या चर्चची पाठ दिसते, पुढून पाहायला वळसा घालून चौकात या. 1348च्या प्लेगमध्ये शहरातली निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं गेली. बोकाचोचं ‘डेकॅमेरॉन’ हे गोष्टींचं पुस्तक सुरू होतं ते याच चर्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, सात तरुणी भेटतात तिथून. तीन तरुण त्यांना येऊन मिळतात आणि सगळे शहराबाहेरच्या घरात जाऊन रोज प्रत्येकी एक गोष्ट सांगतात. दहा दिवसांत शंभर गोष्टी होतात, बऱ्याचशा चावट. पण सुरुवातीचं प्लेगचं वर्णन कुणीही वाचावं. बापाने मुलाला टाकलं, शेजाऱ्याने शेजाऱ्याला टाकलं, प्रेतं फळ्यांवरून उचलली. करोना पाहिलेल्या माणसाला त्यात काही परकं वाटणार नाही.

बोकाचोनेच 1373 साली दान्तेवर जाहीर व्याख्यानं दिली, बादिया या मठाच्या आवारातल्या चर्चमध्ये. बादियाचा निमुळता मनोरा बार्जेलो संग्रहालयाच्या समोरच दिसतो. हातात अर्धा दिवस असेल तर रेल्वेने साधारण तासाभरावर चेर्ताल्दो हे त्याचं गाव आहे. वरच्या जुन्या गावात जायला फनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी गाडी आहे. विटांचं, शांत गाव आहे, आणि बोकाचोची कबर तिथल्या चर्चमध्ये आहे.

मॅकिआव्हेलीबद्दल काय पाहता येईल?

त्याची कचेरी पालाझ्झो वेक्कियोत होती आणि कबर सांता क्रोचेत आहे. मला विचाराल तर त्याची खरी जागा शहराबाहेर आहे, सान काशियानोजवळच्या सांत’आंद्रेआ इन पेर्कुस्सिना या वस्तीत. 1512 साली मेदिची सत्तेवर परतले आणि त्याची नोकरी गेली. पुढच्या वर्षी कटाच्या संशयावरून त्याला पकडून हात मागे बांधून टांगलं. सुटल्यावर तो इथल्या घरी येऊन राहिला. 10 डिसेंबर 1513चं त्याचं एक पत्र आहे. त्यात तो लिहितो, की दिवसभर लाकूडतोड्यांशी हुज्जत घालतो, खाणावळीत खाटकाबरोबर आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते आणि सोंगट्या खेळतो, एका दमडीवरून आरडाओरडा होतो. संध्याकाळी घरी येऊन चिखलाचे कपडे काढतो, दरबारी वस्त्रं घालतो आणि जुन्या ग्रंथकारांच्या सभेत जाऊन बसतो. त्या बैठकांमधूनच ‘द प्रिन्स’ झालं. ते छापून आलं 1532 साली, तो गेल्यानंतर पाच वर्षांनी.

चाणक्याशी त्याची तुलना करायची आपल्याकडे सवय आहे. ते पत्र वाचल्यावर मला तरी तो चाणक्य वाटत नाही, नोकरी गेलेला आणि परत बोलावणं येईल म्हणून वाट पाहणारा हुशार कारकून वाटतो.

उफित्सी चित्रसंग्रहालय आणि मायकेलँजेलोचा दाविदचा पुतळा यांची तिकिटं आधी काढावी लागतात का?

हो. अधिकृत संकेतस्थळावरून, वेळ ठरवून. दोन्ही सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत फुकट प्रवेश असतो आणि त्याच कारणाने त्या दिवशी तिथे फिरकू नये. दाविद अकादेमिया संग्रहालयात आहे, 5.17 मीटर उंच. पालाझ्झो वेक्कियोसमोर उभा आहे तो त्याचा जोडीदार, म्हणजे प्रतिकृती. मूळ पुतळा 1873 पर्यंत तिथे होता. उफित्सीच्या बाहेरच्या कमानींमधल्या कोनाड्यांत दान्ते, पेत्रार्क, बोकाचो आणि मॅकिआव्हेली यांचे पुतळे आहेत. ते पाहायला तिकीट लागत नाही.

दुओमोच्या घुमटावर वयस्कर माणसांना चढता येईल?

463 पायऱ्या, लिफ्ट नाही, वाट अरुंद, मध्येच परत फिरणं जवळजवळ अशक्य. गुडघे दुखत असतील, बंद जागेचा त्रास असेल तर नको. खाली चर्चमध्ये प्रवेश फुकट आहे आणि डावीकडच्या भिंतीवर 1465 सालचं दोमेनिको दि मिकेलिनोचं चित्र आहे : हातात पुस्तक धरलेला दान्ते, एका बाजूला नरक, मागे पापं धुण्याचा शुद्धिपर्वत, दुसऱ्या बाजूला फ्लॉरेन्स. गंमत म्हणजे चित्रात जो घुमट आहे तो दान्ते गेल्यानंतर शंभरेक वर्षांनी बांधायला घेतला होता. आणि नीट पाहा, दान्ते शहराच्या तटाबाहेर उभा आहे.

इंग्रजी आणि इतर परदेशी लेखकांच्या खुणा?

पुष्कळ आहेत. बहुतेक नदीच्या पलीकडे, पित्ती राजवाड्याच्या आसपास. एलिझाबेथ आणि रॉबर्ट ब्राउनिंग हे इंग्रज कवी जोडपं 1847 पासून कासा ग्विदीत राहिले. एलिझाबेथ 1861 साली तिथेच वारली. घर ठरावीक महिन्यांत, आठवड्यातले काही दिवस दुपारी पाहता येतं. तिची कबर इंग्लिश सिमेटरीत आहे. ती जागा आता चारी बाजूंनी वाहनं वाहणाऱ्या चौकाच्या मधोमध बेटासारखी उरली आहे. रॉबर्टला 1860 साली सान लोरेन्झोच्या जुन्या बाजारात एका लिऱ्याला एक जुनं दप्तर मिळालं, एका खुनाच्या खटल्याचं. त्यातून त्याचं सगळ्यात मोठं काव्य झालं. आज त्या चौकात चामड्याचे पट्टे आणि पर्स विकायला असतात.

रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीने ‘इडियट’ ही कादंबरी संपवली ती पित्ती राजवाड्यासमोरच्या घरात, 1868-69च्या हिवाळ्यात. घरावर पाटी आहे. हातात पैसा नव्हता, पण व्हियेस्यू वाचनालयात रशियन वर्तमानपत्रं मिळत, म्हणून तो तिथे जाई. 1819 साली सुरू झालेलं ते वाचनालय आज स्त्रोझ्झी राजवाड्यात आहे. आणि शेलीची ‘ओड टु द वेस्ट विंड’, जी आपल्यापैकी अनेकांनी बी.ए.ला घोकली, ती 1819च्या शरदात आर्नो नदीकाठच्या रानात सुचली, असं त्याने स्वतः टिपून ठेवलं आहे. ते रान म्हणजे आजची काशिने बाग.

कोल्हापूरच्या महाराजांची छत्री खरंच तिथे आहे का? कसं जायचं?

आहे, त्याच काशिने बागेच्या पश्चिम टोकाला. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) 1870 साली युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. इंग्लंडहून परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. वय जेमतेम वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि मृतदेह जाळण्याची तिथे रीत नव्हती. बरोबरच्या मंडळींना खास परवानगी मिळवावी लागली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा जिथे संगम होतो, तिथे रात्री अग्नी दिला. परक्या मुलखातही संगमाची जागा शोधली, हे वाचून कोल्हापूरच्याच नव्हे, कुठल्याही मराठी माणसाला गलबलून येतं.

1874 साली तिथे छत्री उभी राहिली. तिची रचना चार्ल्स मँट यांची, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला तेच. पंचगंगेकाठच्या छत्र्या पाहिलेल्यांना घडण ओळखीची वाटेल. चार खांब, वर घुमट आणि आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, अंगावर दागिने, डोक्यावर पगडी. तो शिल्पकार फुलर यांनी घडवला. फ्लॉरेन्सकर त्याला नुसतं ‘इंदियानो’ म्हणतात. शेजारून जाणाऱ्या 1970च्या दशकातल्या मोठ्या पुलाचं नावही तेच. पुलावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हा ‘इंदियानो’ कोण हे माहीत असेल, कोण जाणे.

आता हे दान्तेच्या यादीत कसं? महाराजांनी दौऱ्यात इंग्रजीत रोजनिशी लिहिली होती. ती कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून 1872 साली लंडनमध्ये छापली. भारतातल्या एखाद्या राजाने युरोप पाहून लिहिलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांत ती मोडते. जिथे वेस्ट विंड सुचली त्याच बागेत या रोजनिशीचा लेखक विसावला आहे, म्हणून माझ्या मते तो या फेरीत बसतोच.

जायला टी-1 ट्रामने काशिने थांब्यावर उतरा आणि नदीकाठाने सरळ पश्चिमेला चाला. अडीच-तीन किलोमीटर आहे. सायकल भाड्याने घेतली तर उत्तम. मंगळवारी सकाळी बागेत मोठा आठवडी बाजार भरतो. अंधार पडल्यावर जाऊ नका, आणि उन्हाळ्यात डासांचं मलम लावून जा.

मुलं कंटाळतील का?

पिनोकिओ दाखवा. कार्लो कोल्लोदी, खरं नाव लोरेन्झिनी, 1826 साली फ्लॉरेन्समध्येच जन्मला. गोष्ट 1881 पासून मुलांच्या साप्ताहिकात येऊ लागली आणि 1883 साली पुस्तक झालं. त्याची कबर सान मिनियातो चर्चमागच्या स्मशानात आहे. वर चढायला दम लागतो, पण तिथून दिसणारं शहर मिकेलांजेलो चौकाइतकंच सुरेख आणि गर्दी निम्मी.

शाकाहारी माणसाने काय खावं?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. ‘पाप्पा आल पोमोदोरो’ म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव. आपल्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याचा हा इटालियन भाऊ. ‘रिबोल्लिता’ ही काळी कोबी, घेवडा आणि पावाची घट्ट आमटी, हिच्यात क्वचित मांसाचा तुकडा घालतात. ‘मांस नको’ म्हटलं तरी मासे किंवा हॅम येऊ शकतं, म्हणून दोन्ही वेगळं सांगा. ताज्या पास्त्यात अंडं असतं. पार्मेजान चीज प्राण्यांच्या पोटातून काढलेल्या विरजणावर (रेनेट) बनतं. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी हे लक्षात ठेवावं. चौकाचौकातल्या गाड्यांवर ज्याला रांग लागते तो ‘लाम्प्रेदोत्तो’ गाईच्या पोटाचा असतो. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम दिसली तर फसवणूक नाही, ती बसण्याची आकारणी आहे.

पाव अळणी लागेल. इथे पावात मीठ घालतच नाहीत, तक्रार करून उपयोग नाही. हद्दपारीत काय सोसावं लागेल हे ‘पारादिसो’त दान्तेचा पूर्वज त्याला सांगतो : दुसऱ्याचा पाव किती खारट लागतो ते तुला कळेल, दुसऱ्याचे जिने चढणं-उतरणं किती जड असतं तेही. हे दोन घास अळणी पाव खाऊन मग वाचा.

गाडी भाड्याने घेऊन शहरात जाता येईल?

नका जाऊ. जुन्या शहरात परवान्याशिवाय वाहनांना बंदी आहे, कॅमेरे आहेत आणि दंडाची चिठ्ठी महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येते. टस्कनी गाडीने फिरायची असेल तर शहर सोडतानाच गाडी घ्या. विमानतळावरून टी-2 ट्राम आहे. रोमहून वेगवान रेल्वेने दीड तास लागतो.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. मे महिन्याच्या सुट्टीत जमतं, पण गर्दी असते. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्या तापतात आणि जुन्या लॉजमध्ये एसी असेलच असं नाही. नोव्हेंबर पावसाळी. 4 नोव्हेंबर 1966 रोजी आर्नोला पूर येऊन राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं चिखलात गेली होती. पाणी कुठवर चढलं याच्या खुणा सांता क्रोचेच्या आसपासच्या भिंतींवर अजून आहेत, माणसाच्या डोक्याच्या बऱ्याच वर.

जाण्यापूर्वी काय वाचू? वेळ फार नाही.

सगळी ‘कॉमेडी’ वाचायचा संकल्प सोडू नका, पण त्यावर विसंबूही नका. ‘इन्फर्नो’चे 1, 10, 15 आणि 19 हे सर्ग, ‘पारादिसो’चे 15 ते 17, ‘डेकॅमेरॉन’ची पहिल्या दिवसाची सुरुवात आणि मॅकिआव्हेलीचं ते एक पत्र, एवढं पुरे. ‘इन्फर्नो’च्या दहाव्या सर्गात फारिनाता नावाचा फ्लॉरेन्सकर जळत्या कबरीत कमरेपर्यंत उभा राहून दान्तेला विचारतो, तू कुणाच्या घराण्यातला? नरकातसुद्धा आधी घराणं! सगळं इंग्रजी भाषांतरात इंटरनेटवर फुकट मिळतं. मुंबई-रोम प्रवासात सहज वाचून होईल.